रेंजरला सांगितलेला आजार

नीलांबरीबाईंनी ॲरिझोनाचं वाळवंट जेवढं पाहिलंय, तेवढं तिथे जन्मलेल्या माणसांनीही पाहिलं नसेल. फिनिक्सच्या बागेतले निवडुंग पाहून झाले, वाद्यांच्या म्युझियममधला तंबोरा पाहून झाला, उल्का पडून झालेला खड्डा, दगड होऊन पडलेली झाडं, सेडोनाचे लाल डोंगर, धरणामागच्या तळ्यातली बोट, खाण बंद झाल्यावर ओस पडलेलं आणि आता तिकीट लावून दाखवतात ते गाव, सगळं झालं. ग्रँड कॅन्यन तर इतक्यांदा झालं की कठड्याजवळ कुठे उभं राहिलं म्हणजे वारा कमी लागतो हे बाई नव्या पाहुण्यांना सांगतात. प्रत्येक ठिकाणी त्यांचा एक फोटो आहे. पांढरे बूट, सुनेने आणलेली गोल टोपी आणि तोंडावर फोटोपुरतं हसू. फोटो त्याच दिवशी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो आणि नागपूरहून पटापट अंगठे येतात.

या फोटोंनीच बाईंचा घात केला म्हणायला हरकत नाही. कारण त्यांना इथे राहायचं नाही, हे त्यानंतर कोणाला पटवून द्यायची सोयच उरली नाही. नागपूरला शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणारी सुलेखा त्यांची जन्माची मैत्रीण. तिच्याजवळ फोनवर एकदा मन मोकळं करायला गेल्या, तर ती म्हणाली, मुलगा दर रविवारी फिरवतो, सून उलटून बोलत नाही, आणखी काय पाहिजे तुला? बाईंनी विषय बदलून वांग्याचा भाव विचारला.

तसं पाहिलं तर सुलेखाचं काही चुकलं नव्हतं. परीक्षितसारखा मुलगा शोधून सापडायचा नाही. फिनिक्सजवळच्या चँडलरमध्ये चिप बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, अमेरिकेचा नागरिक आहे आणि आईवर त्याचा जीव आहे. त्याचे वडील, त्र्यंबकराव, नागपूरला एका सकाळी चहा पिता पिता गेले. तीन विमानं बदलून परीक्षित पोचला तेव्हा अस्थीसुद्धा गोळा करून झाल्या होत्या. त्या दिवशी त्याने मनाशी ठरवलं की निदान आई तरी आपल्या डोळ्यांसमोर राहील. ग्रीन कार्डाचे कागद केले आणि बाईंना घेऊन आला. त्याला आठ वर्षं झाली. त्याच्या त्या निश्चयाला नाव ठेवायला जागा नाही, आणि म्हणूनच बाईंना तो मोडताही येत नव्हता.

बाई स्वतः नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून निवृत्त झालेल्या. ट्रंक कॉलच्या काळापासून कानाला हेडफोन लावून बसलेली बाई. सायकलवर ऑफिसला जायची, नंतर लुनावर. भर मे महिन्यात डोक्याला ओला रुमाल बांधून बर्डीवर खरेदीला जाणारी. तिला चँडलरच्या उन्हाची भीती दाखवायची म्हणजे हसू येण्यासारखं होतं. पण इथे ऊन नव्हे, माणसं नाहीत ही अडचण. रस्ते एवढे रुंद की पलीकडे जायला गाडी लागावी, आणि बाईंना गाडी चालवता येत नाही. भाजी गाडीने, देऊळ गाडीने, डॉक्टर गाडीने. दार उघडलं की घरातली बाई इंग्रजीत सांगते, समोरचं दार उघडलं. ती बाई म्हणजे भिंतीवरचा डबा. मिरचीची फोडणी दिली की छतावरचा दुसरा डबा ओरडतो.

एका जून महिन्यात त्या तरीही एकट्या फिरायला निघाल्या. आनंदात दोन वळणं पार करून एका बाकावर बसल्या. एका भल्या गोऱ्या बाईने गाडी थांबवली, पाण्याची बाटली हातात दिली आणि आजी हरवल्या असं समजून त्यांना घरी आणून सोडलं. रीमा, म्हणजे सून, कामाच्या मीटिंगमधून धावत आली. कोणी रागावलं नाही. फक्त त्या दिवसापासून बाईंचं एकट्याने बाहेर जाणं बंद झालं, आणि भरपाई म्हणून रविवारच्या सहली वाढल्या.

एवढ्या सगळ्यात बाईंचं स्वतःचं असं एकच उरलं होतं. नागपूरला खामल्यातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. त्यात भाडेकरू होता, पण एक खोली बाईंनी कुलूप लावून ठेवली होती. तिथे त्यांची कपाटं, त्यांची शिवणाची मशीन, त्यांचा पलंग. दर वर्षी त्या म्हणत, या थंडीत जाईन आणि तिकडेच राहीन. दर वर्षी काहीतरी निघे. एकदा करोना, एकदा ग्रीन कार्डावर फार दिवस बाहेर राहता येत नाही म्हणून, एकदा नात अनिकाची परीक्षा. बाई थांबत राहिल्या. या वर्षी भाडेकरू घर सोडणार होता. बाईंनी मनात पक्कं केलं की दिवाळीला जायचं आणि पुन्हा यायचं नाही. ग्रीन कार्ड गेलं तर जाऊ दे. परीक्षितनेही या वर्षी काहीतरी पक्कं केलं होतं. त्याला गिऱ्हाईक मिळालं होतं. तो म्हणत होता, फ्लॅट विकून टाकू, रिकामा ठेवून काय करायचं? सही बाईंची लागणार होती, कारण फ्लॅट त्यांच्या एकटीच्या नावावर होता. त्या हो म्हणत नव्हत्या आणि नाहीही म्हणत नव्हत्या. सही केली की परतीचं दार बंद, एवढं मात्र त्यांना चांगलं कळत होतं.

अशातच गुढीपाडव्याच्या पुढचा रविवार आला. परीक्षितने नवीन जागा शोधली होती. फिनिक्सपासून बरीच लांब, सपाट माळावर काळ्या दगडांचा एक ढिगारा आणि त्या दगडांवर हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी कोरलेली चित्रं. शेजारी दोन खोल्यांचं छोटंसं म्युझियम. बाईंनी गाडीत पुऱ्या आणि बटाट्याची भाजी वाटली. अनिका मागच्या सीटवर कानात गाण्याची बोंडं घालून बसली होती. पोचल्यावर रीमा पाट्या वाचायला लागली, परीक्षित फोटोसाठी उजेड कुठून येतो ते बघायला लागला, आणि बाई चालता चालता ढिगाऱ्याच्या मागच्या अंगाला आल्या.

तिथे बाभळीच्या जातीचं एक झाड होतं. झाडाखाली एकटाच एक बुटका दगड, आणि त्यावर कोरलेली दोन पावलं. बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांच्या माहेरी, काटोलकडच्या गावात, शिवेवर अशाच बाभळीखाली गावाची राखण करणारी देवी, मातामाय होती. असाच दगड. आई हात धरून न्यायची, तांब्याने पाणी घालायची, कुंकू लावायची, तेव्हा कुठे पुढे शेतात जायचं. आठ वर्षांत एवढे डोंगर, एवढ्या दऱ्या पाहिल्या, पण ओळखीचं म्हणून कोणी पहिल्यांदा भेटलं. बाईंचे डोळे भरून आले. त्यांच्या पर्समध्ये कोराडीच्या देवीच्या कुंकवाची पुडी कायम असते. नवरा गेल्यावर स्वतःला लावणं थांबलं, देवीला लावायला कोणाची बंदी नव्हती. त्यांनी चपला काढाव्यात तसे ते पांढरे बूट काढले, बाटलीतलं पाणी दगडावर घातलं आणि दोन्ही पावलांना कुंकू लावलं. मग हात जोडून उभ्या राहिल्या आणि घरी नेऊन सोड म्हणाल्या.

ते कुंकू ओल्या दगडात बघता बघता मुरलं. लाल ओघळ पावलांच्या बोटांतून खाली आले. म्युझियममध्ये हौसेने काम करणारी एक म्हातारी गोरी बाई टोपी सांभाळत तिकडे आली, तिने ते पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. तिने त्या जागेची राखण करणाऱ्या रेंजरला बोलावलं. रेंजर तरुण होता, उंच, शांत. त्याने वाकून दगड पाहिला, फोटो काढले आणि बाईंना विचारलं, हे तुम्ही केलंत का?

तोवर परीक्षित धावत आला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्या दगडाला हात लावणं हा गुन्हा आहे, अशी पाटी त्याने नुकतीच वाचली होती. आणि हे दिवस असे, की ग्रीन कार्डवाल्यांच्या ऐकीव गोष्टींनी तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर धुमाकूळ घातलेला. कोणाला विमानतळावर थांबवलं, कोणाची जुनी केस काढली. खरं किती आणि खोटं किती कोण बघतो. त्याच्या डोळ्यांपुढे आई, केस, कोर्ट असं सगळं एकदम आलं. तो रेंजरला म्हणाला, "आय ॲम सो सॉरी. शी हॅज डिमेन्शिया. शी डझन्ट नो व्हॉट शी इज डूइंग."

बाईंना बोलायचं इंग्रजी जेमतेम येतं, पण ऐकायचं उत्तम. सगळी उमर दुसऱ्यांचं बोलणं कानाने धरण्यात गेलेली. त्यांनी प्रत्येक शब्द ऐकला: आईला विसरण्याचा आजार आहे, ती काय करते ते तिला कळत नाही.

रेंजरचा चेहरा एकदम मऊ झाला. तो गुडघ्यावर बसला आणि लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश, मोठ्याने बोलायला लागला. घाबरू नका, तुमच्यावर कोणी रागावलं नाही. मग उठून परीक्षितला त्याने समजावून सांगितलं की ज्यांच्या पूर्वजांनी ही चित्रं कोरली ती माणसं आजही याच भागात राहतात, त्यांना ही जागा पवित्र आहे, आणि हा रंग काढायला जाणकार माणूस बोलवावा लागेल. या वेळी तो तसंच सोडून देत होता. पुढच्या वेळी आईचा हात सोडू नका, एवढंच म्हणाला.

हे ऐकून बाईंना खरंच वाईट वाटलं. दुसऱ्यांच्या देवाला आपण न विचारता हात लावला. आपल्या गावच्या मातामायला कोणी परक्याने येऊन रंग फासला असता तर आपण काय म्हटलं असतं? त्यांना त्या टोपीवाल्या बाईची क्षमा मागायची होती. सांगायचं होतं की आम्ही देवाला असंच भेटतो, माझं चुकलं. त्या एक पाऊल पुढे गेल्या, तर तिने त्यांचा हात हातात घेऊन थोपटला आणि इट्स ओके, हनी म्हणाली. वेड्या बाईची क्षमा कोण ऐकून घेणार?

गाडी परतीच्या वाटेला लागली. मग अनिका म्हणाली, "डॅड, दॅट वॉज सो रॉन्ग." परीक्षितने तिला गप्प केलं आणि आरशातून आईकडे बघत म्हणाला, तसं म्हणावंच लागलं आई, नाहीतर ते प्रकरण कुठल्या कुठे गेलं असतं. बाई म्हणाल्या, बरं. त्यांना वाटलं, झालं गेलं, विषय संपला.

पण विषय संपला नव्हता, तो आता कुठे घरात शिरला होता. रीमा वाईट बाई नाही. उलट काळजी करण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. तिला त्या रात्री झोप लागली नाही. तिला आठवलं की आई जूनमध्ये हरवल्या होत्या. आई हरवल्या नव्हत्या, पण तिच्या आठवणीत त्या हरवल्याच होत्या. मागे एकदा गॅस चालू राहिला होता. अनिकाला त्या कधी कधी आपल्या बहिणीच्या नावाने, इला म्हणून हाक मारतात. आणि आता हे दगडाचं. घरोघरच्या म्हाताऱ्या करतात तेच बाई करत होत्या, पण एकदा नाव मिळालं की सगळं त्या नावाखाली नीट बसत जातं. रीमाने हे परीक्षितला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. विचारात पडला.

आठवड्याभरात शेगडीच्या बटणांवर प्लास्टिकची झाकणं आली. समोरच्या दाराला वरच्या बाजूला, बाईंचा हात पोचणार नाही अशी एक कडी लागली. मनगटात बांधायला एक पट्टी आली, तिच्यावर परीक्षितचा फोन नंबर. डॉक्टरची वेळ घेतली गेली, ती तीन महिन्यांनंतरची मिळाली. बाई भांडल्या. म्हणाल्या, अरे, मी बरी आहे, काहून असं करून राहिला? त्या आवाज चढवून बोलल्या की रीमा जास्तच हळू आवाजात बोलायची. अशा वेळी त्यांना चिडू द्यायचं नसतं, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. गप्प बसल्या तर म्हणायची, आज आई फार शांत आहेत. मंडळाच्या कार्यक्रमात ओळखीच्या बायका आता बाईंच्या कानाशी येऊन ओरडून बोलायला लागल्या. मी कोण ओळखलं का काकू? बाई म्हणाल्या, ओळखलं, तू मागच्या वर्षीचा माझा डबा परत केलेला नाहीस. त्या बाईने रीमाकडे बघून दुःखाने मान हलवली.

सगळ्यात वाईट गोष्ट मात्र मे महिन्यात झाली. परीक्षितने पुन्हा फ्लॅटचा विषय काढला. भाडेकरू गेला होता, गिऱ्हाईक घाई करत होतं. बाईंनी अखेर धीर केला आणि सरळ सांगितलं की मला फ्लॅट विकायचा नाही, मला दिवाळीला जायचंय आणि तिथेच राहायचंय. परीक्षित त्यांच्याजवळ येऊन बसला. त्याने त्यांचा हात हातात घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आई, तुझी अशी कंडिशन असताना मी तुला तिथे एकटीला कसा ठेवू, तूच सांग."

बाई त्याच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. त्यांना वाटलं, तो थट्टा करतोय. मग वाटलं, लबाडी करतोय. पण तसं काहीच नव्हतं. आपण रेंजरला थाप मारली होती, हे तो साफ विसरला होता. विसरण्याचा आजार त्या घरात होता खरा, फक्त तो कोणाला झालाय याचा पत्ता कोणालाच नव्हता. त्या दिवशी बाईंना पहिल्यांदा खरी भीती वाटली. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं. ज्याला ते खरं वाटायला लागलंय, आणि तेही मायेपोटी, त्याच्याशी कसं भांडायचं? त्या म्हणाल्या, ठीक आहे, कर तुला काय करायचं ते.

विक्रीसाठी परीक्षितच्या नागपुरातल्या चुलतभावाला अधिकार द्यायचा होता. त्या कागदावर इथल्या नोटरीसमोर सही हवी. एका शनिवारी परीक्षितने बाईंना गाडीत बसवलं. वाटेत त्याने त्यांना दोनदा समजावून सांगितलं की तिथे एक बाई असेल, ती विचारेल की तुम्हाला समजतंय का आणि तुम्ही खुशीने सही करताय का, तू फक्त येस म्हण. बाईंनी मान डोलावली. खरंच त्या येस म्हणणार होत्या. आपलं आता काही चालत नाही, हे त्यांनी मान्य करून टाकलं होतं.

नोटरी म्हणजे पार्सलं पाठवायच्या दुकानातली एक मध्यमवयीन बाई होती. खोक्यांच्या आणि चिकटपट्ट्यांच्या पलीकडे तिचं टेबल होतं. तिने बाईंचा पासपोर्ट बघितला, चेहरा बघितला, आणि परीक्षितला हाताने जरा मागे सरकायला सांगितलं. मग ती बाईंशी बोलली. मोठ्याने नाही, सावकाश नाही, हनी नाही. एका मोठ्या माणसाने दुसऱ्या मोठ्या माणसाशी बोलावं तशी. तिने विचारलं की आज तुम्ही कशावर सही करताय ते तुम्हाला कळतंय का, आणि हे तुम्ही स्वतःच्या मर्जीने करताय का?

तीन महिन्यांत बाईंना कोणी असं विचारलं नव्हतं. येस तोंडाशी आलं होतं. पण तिच्या त्या साध्या आवाजाने बाईंच्या आत काहीतरी ताठ उभं राहिलं, आणि त्या हेडफोन लावून बसायच्या त्या काळातल्या खणखणीत आवाजात बोलल्या.

"नो, मॅडम. आय हॅव डिमेन्शिया. माय सन टोल्ड द रेंजर."

नोटरीने हातातला शिक्का खाली ठेवला. परीक्षित पुढे आला. तो घाईघाईने सांगायला लागला की असं काही नाही, माझी आई एकदम शार्प आहे, सगळं कळतं तिला, सगळं लक्षात असतं, तिच्यात काही दोष नाही. ते ऐकायला बाई किती दिवस थांबल्या होत्या. नोटरीने त्याला विचारलं की मग रेंजरला तुम्ही काय सांगितलं होतं? परीक्षित आईकडे बघायला लागला, आणि हळूहळू त्याला आठवत गेलं. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. नोटरी म्हणाली की आपण ही सही घेऊ शकत नाही, माफ करा.

बाहेर येऊन दोघं गाडीत बसली. परीक्षितने गाडी चालू केली आणि थंड हवा सुरू केली. मग म्हणाला, "सॉरी, आई." आणि पुढे म्हणाला, "पण आता मी तुला कसा पाठवू? घरी रीमाला काय सांगू? डॉक्टरला काय सांगू? आता तर तूच स्वतःच्या तोंडाने सांगितलंस."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. खामल्याचं घर वाचलं होतं, ते आता कोणालाच विकता येणार नव्हतं. आणि त्या घरात एकटी राहू शकणारी, एकटी विमानात बसू शकणारी बाई त्यांनी आत्ताच, साक्षीदारासमोर, पुसून टाकली होती. आपण बरे आहोत असं त्या यापुढे जितक्यांदा सांगतील, तितक्यांदा कोणीतरी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवणार होतं. हे सगळं त्यांना अगदी लख्ख समजत होतं.

परीक्षित वाकला आणि त्याने त्यांच्या सीटचा पट्टा लावून दिला. त्यांना तो स्वतः लावता येतो. त्यांनी त्याला लावू दिला.